खरं

निपाणीत तंबाखूच्या वखारीत माझे वडील तोलार होते.
बाळगोंडा तोलार.
नवख्याला दारातच सात शिंका यायच्या, त्यांना एकही नाही.

पहिला बोद चढवण्याआधी
ते रिकाम्या तराजूकडे बघत उभे राहायचे,
इतका वेळ, की हमाल म्हणायचे, अण्णा पूजा करायल्यात.
पूजा नव्हे. पासंग बघायचे.
काहीच नसताना कुठलं पारडं झुकतंय.
मग एखादा खडा, कधी वाकडा खिळा, दोरीला बांधून
धडा करायचे
आणि त्यानंतरच मालाला हात.

पुस्तक त्यांना रद्दीत मिळालं,
कानडीत, सुरुवातीची चौदा पानं गेलेलं,
म्हणून लिहिणाऱ्याचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही.
थंड मुलखातला कुणी, अडीचशे वर्षांमागचा,
अंगानं जाड, जेवणाचा शौकीन.
वडील त्याला कानडीत वाचायचे
आणि चुलीपाशी मराठीत सांगायचे:
कुणी अजब काही सांगत आलं, की एका पारड्यात ते अजब ठेव,
दुसऱ्यात सांगणाऱ्याचे डोळे, त्याची भीती, त्याची हौस.
मग काटा बघ. सांगणाऱ्याचं तोंड बघू नको.
आई भाकरी उलटत म्हणाली,
हा तर तोलारच की.

त्याच वर्षी अकोळच्या वाटेवर
शेंदराच्या दगडाला घाम फुटला. गाव लोटलं.
वडीलही गेले. दगडाला हात लावला,
बोटं हुंगली, वर आभाळ बघितलं.
"ओल हाय," म्हणाले. "बाकीचं कुणी तोललंय?"
पुजारी म्हणाला, देव मानत न्हाईस काय रं?
"मानायचं सोड. माझी वजनं मणाची नि शेराची.
तुझं कुठलं, ते दाखीव."

आठव्या दिवशी माझा भाऊ तापानं गेला.
नेमगोंडा. चार वर्षांचा.
लोकांनी दगड आणि ताप
एकाच दोरीत बांधले, तिरडीबरोबर.

वडील महिनाभर काही बोलले नाहीत.
मग एकदा, बिडीची पानं कातरणाऱ्या बायांसमोर,
कुणी काही विचारलेलं नसताना:
"बापानं पुस्तक वाचलं म्हणून पोरगं नेणारा देव असंल,
तर तो माझ्या पासंगालाबी पुरत न्हाई.
आणि तसा नसंल, तर त्या रात्री कुठं हुता?
तिसरं काय असंल तर सांगा. मी बसलोय."
कुणी सांगितलं नाही.
एकीनं पाणी आणून दिलं.

आई सौंदत्तीच्या डोंगरावर जायची, ती जातच राहिली.
परतली की भंडारा लावायची, मला, उंबऱ्याला,
आणि नेमगोंडाच्या टोपीला.
वडील तिची पिशवी एसटीपर्यंत न्यायचे.
मी विचारलं, तिला का नाही सांगत?
"तिच्या पारड्यात तुझा भाऊ हाय," म्हणाले.
थोडं चालून:
"माझ्याबी हाय. म्हणून माझा काटाबी
मी सरळ धरत न्हाई."

आमच्याकडं 'पण' म्हणायचं असलं की 'खरं' म्हणतात.
येतो म्हणाला, खरं आला नाही.
बेळगावच्या कॉलेजात, पुण्याहून आलेल्या बाईंनी
माझ्या निबंधात असे सतरा 'खरं' लाल शाईनं खोडले.
मीही मग सवय मोडली.
वडिलांची मोडली नाही.
शेवटच्या आजारात, कुणी अंगारा घेऊन आलं,
ते उशीवरून म्हणाले, देव हाय म्हणता, खरं
आणि खोकला आला.
वाक्य तिथंच राहिलं.
अंगारा आणणाऱ्या बाईनं ते एका अर्थानं नेलं,
मी दुसऱ्या.

परवा वखारीत गेले. आता काटा विजेचा आहे,
लाल आकड्यांचा.
वर काहीच नव्हतं, पंखा फिरत होता,
आकडा चाळीस ग्रॅमवर थरथरत होता.
पोरगा शून्याचं बटण दाबायला वाकला.
म्हटलं, थांब.
जरा बघू दे.