डावा पाय

दस्तगीर मास्तरांच्या आठशेला
दोन क्लच होते.
एक माझ्या पायाखाली, एक त्यांच्या.
हे मला तिसऱ्या दिवशी कळलं,
तोवर वाटत होतं, गाडी मीच चालवायलेय.

वय एक्केचाळीस. नोकरी उपकेंद्राची.
लसीचा डबा मांडीवर घेऊन
जीपच्या ड्रायव्हरची वाट बघण्यात किती सकाळी गेल्या,
त्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.
म्हणून अंबाजोगाईत, मोंढ्यामागच्या मैदानात,
पोरंसोरं हसायली तरी
लाल एल लावून मी गोल गोल फिरले.

गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसलेले.
मास्तर म्हणायचे, "खाली बघू नका सिस्टर.
तव्यावरची भाकरी उलटताना बोटं बघता का?"
आणि क्लचबद्दल एवढंच:
"धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.
मधी एक जागा हाय. तिथं राहायला शिका."

ती जागा केसाएवढी.
गाडी मागे येत नाही, पुढे जात नाही,
नुसती थरथरते दाव्याच्या वासरागत,
आणि तळपायातून गुडघ्यात चढत येतं
की आता. आता सोड.
किती वेळा बंद पडली ते विचारू नका.
मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.
मग एका सकाळी चढावर ती अलगद उचलली गेली.
मी वळून पाहिलं तर
मास्तर सीटवर मांडी घालून पेरू खात होते.

पुढं धारूरच्या घाटात, एका रात्री,
मागच्या सीटवर आडसची एक पोरगी कळा देत होती.
पहिला गिअर. समोर उसाचा ट्रक, धापा टाकत.
"थांब. धर. आत्ता जोर नको. आता सोड, हळू."
मी तिला सांगत होते का माझ्या पायाला,
अजून नक्की सांगता येत नाही.
पोरगा झाला, दवाखान्याच्या पायरीपाशी.
गाडी बंद करायची राहूनच गेली.

आता गाडी लेकाची. दोनच पेडल.
ब्रेक सोडला की आपली आपण सरकते.
"आई, तुझा गुडघा," तो म्हणाला. खरंय ते.
वाटी झिजली, डॉक्टरनं फोटो दाखवला.
गाडी गुणाची आहे. चढावर मागं येत नाही,
कधी बंद पडत नाही.
तिच्यावर चिडता येत नाही, एवढाच काय तो दोष.
डावा पाय मात्र
न बोलावता लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा बसून असतो,
मधूनच काहीतरी दाबायला उठतो.

ही कागाळी मास्तरांकडं न्यायची ठरवून होते.
ते भेटले मेडिकलच्या फाटकाशी.
अर्धांगवायू. डावी बाजू.
हात गेला तो गिअरचा, पाय गेला तो क्लचचा.
आणि उतरत कशातून होते, तर असल्याच दोन पेडलच्या गाडीतून,
काठी आधी बाहेर, मग उजवा पाय, एकटे.
"आठ महिने खाटेवर होतो. ही आली अन् मी उठलो.
बसा. परळीचा घाट दावतो."

कागाळी मी पर्समध्ये ठेवून दिली
आणि बसले त्यांच्या जुन्या जागी, डावीकडं.
माघाचं ऊन. डोंगरावरचं गवत वाळून पांढरं.
परतीच्या चढावर, ऐन वळणात,
कडब्याचा टेम्पो आडवा. थांबलो.
काहीच थरथरलं नाही.
एसीची बारीक घरघर, तेवढीच.

माझ्या बाजूला क्लच नव्हता,
नुसतं रबरी पायपुसणं.
मी ते दाबून धरलं होतं.

मास्तर समोरच बघत म्हणाले,
"सोडा सिस्टर.
सोडा आता, हळूहळू."