डच्चू

फॉर्मवर तिचं नाव होतं डचेस.
तीन घरांनी तिला परत आणून सोडलं होतं.
म्हणजे तीनदा डच्चू, सुधन्वा गाडीत म्हणाला,
आणि टॉडमॉर्डनचा चढ संपायच्या आत
तेच नाव पडलं.
तिने ओ द्यायला महिना लावला.

जात: मिश्र. वय: अंदाजे तीन.
एवढ्या माहितीवर आमच्या वाळव्यात म्हैसही घेत नाहीत.
एक कान उभा, एक पडलेला,
छाती एका कुत्र्याची, पाय दुसऱ्या, जरा उंच कुत्र्याचे,
आणि शेपूट घाईत हाताला लागेल ते चिकटवलेलं.
शेजारचे बॅरॅक्लफ कुंपणावर कोपरं टेकवून म्हणाले,
पळते ती व्हिपेट, उकरते ती टेरियर,
आणि नजर रोखून बघते ना तुमच्याकडे, ती कॉली.
तिच्या लेखी तुम्ही मेंढरं.

मला पटलं नव्हतं. मग दिवाळीला
लीड्सहून, ब्रॅडफर्डहून अकरा माणसं आली
आणि फराळ संपेपर्यंत सगळी एकाच सोफ्याभोवती गोळा.
पोटरीला नाकाने कोण ढकलतंय
कुणाला कळलंही नाही.

शिकावं लागलं.
शिऱ्यात बेदाणे बंद, तिला ते विष.
कांदा चिरताना खाली पडलेली फोड
मी कानातल्याची फिरकी शोधावी तशी
ओणवी होऊन शोधते.
चीजमध्ये गोळी दिली तर चीज खाऊन
गोळी गालिच्यावर स्वच्छ ठेवून जाते.
तुपाच्या पोळीत मात्र फसते. अजून. सात वर्षांनी.
नखं कापताना मी डोकं धरायची, सुधन्वा पंजा,
आणि ओजस तिच्या कानात एकोणिसाचा पाढा म्हणायचा.
तो जिथे अडखळायचा
तिथेच ती पाय ओढून घ्यायची.

थंडीत इथे रस्त्यावर मीठ टाकतात.
फिरून आलं की कोमट पाणी, एकेक पंजा, बोटांच्या बेचक्या.
स्वतःचे पाय इतक्या मायेने
मी कधी धुतले असतील तर आठवत नाही.
पाच नोव्हेंबरला जिन्याखालच्या कपाटात
व्हॅक्यूम क्लीनर आणि जुने बूट यांच्यामध्ये
आम्ही दोघी, रेडिओ मोठा करून.
लक्ष्मीपूजनाला गल्लीत सुतळी बॉम्ब लावणारी पोर मीच होते,
हे तिला सांगितलेलं नाही.

मिटलेली छत्री दिसली की पोट जमिनीला लावते.
तीन घरांपैकी कुठलं,
ते सांगायला तिच्याकडे भाषा नाही,
आणि असती तर ऐकायला माझ्याकडे धीर नाही.
आम्ही पावसात टोप्या घालतो.
टॉडमॉर्डनमध्ये, म्हणजे जवळजवळ रोज.

सप्टेंबरात ओजस ॲबर्डीनला शिकायला गेला.

रात्री तिची एक फेरी असते, पहिल्यापासून.
आमच्या खोलीत नाक, ओजसच्या खोलीत नाक,
हजेरी भरली की खाली येऊन
स्वयंपाकघरात धप्पदिशी अंग टाकायचं.
आता मागचे पाय धरलेत.
तरी जिना चढते, त्याच्या दारातून आत बघते,
खाली येते. पुन्हा वर जाते.
एक मेंढरू कमी भरतंय.

काल फोन लावून स्पीकरवर टाकला.
डच्चू, तो म्हणाला, ए डच्चूबाई.
पडलेला कानही अर्धा उठला.
तिने फोन हुंगला, माझं मनगट हुंगलं,
आणि आवाजाला वास नसतो म्हणून असेल,
नोंद न घेता जिन्याकडे निघाली.

डॉक्टरीणबाईंनी शिकवलंय तसा
पोटाखालून टॉवेल घालून मी तिला वर नेलं.
गादीवर चादर नव्हती.
खिडकीत त्याचा एक मोजा, कडक वाळलेला.
दोघी उभ्या राहिलो.

भरली का हजेरी? सुधन्वाने खालून विचारलं.
नाही, म्हटलं.
अजून एकदा बघतोय.