उर्मासच्या गॅरेजातली आळी

बेकरीतून पहाटे पाचला परतते हेल्यू,
नखांत पीठ तसंच.
फोनवर नवं खातं.
सर्व्हर म्हणे उर्मासच्या गॅरेजात,
बटाट्याच्या पोत्यांशेजारी;
कुरेसारेची वीज गेली की अख्खी आळी गप्प.

तिनं लिहिलं: नमस्कार, मी नवी आहे.
मग खोडलं. मग तेच पुन्हा लिहिलं.
कुणी हूं की चूं केलं नाही.

इथं कुणी कुणाला पुढं दामटत नाही,
आलं तसं दिसतं:
तार्तूत कुणाची सायकल गेली,
पोर्तोत कुणाच्या मांजरीला पिलं झाली,
ब्रेमेनचा कुणी येन्स विचारतोय,
पावाचं विरजण तीन दिवस झाले, फुगत का नाही?

बॉयलरच्या डोक्यावर ठेवा, ती लिहिते,
आणि झाकण घट्ट नको, त्यालाही श्वास लागतो.
परक्याच्या बोलण्यात तोंड घातलं आपण,
असं वाटून फोन उशीखाली.

दुपारी उठते तर
बरणीचा फोटो, काठावरून उतू गेलेली,
आणि खाली मोडक्या एस्टोनियनमध्ये:
टेबल खराब. आभार.

दात घासायचे राहतात. ती टाइप करते:
उलथण्यानं खरवडा, ओलं आहे तोवर.

मध्येच उर्मास:
अगं, बेकरीतली हेल्यू का तू? परवाचा पाव जरा

आणि वीज जाते.