सुषमाचा बिल्ला

कामावर लागले त्या दिवशी
ड्रॉवरमधून काढून त्यांनी मला एक बिल्ला दिला.
सुषमा.
म्हटलं, सर, माझं नाव हेमांगी.
म्हणाले, नवा यायला वेळ लागतो,
शिवाय दीडशे रुपये, तुमच्यातून जातील.
म्हटलं, मग राहू दे.
त्याला आता दीड वर्ष झालं.

सोयीचंही आहे तसं.
"ओ सुषमा, सुट्टे ठेवता येत नाहीत?"
हे सुषमाला.
तूरडाळीच्या पुड्यावर एक भाव, मशीनमध्ये दुसरा,
अख्ख्या रांगेसमोर चोर कोण? सुषमा.
मी नुसती तिच्या मागे उभी, नऊ तास,
काउंटरखालच्या स्टुलाकडे बघत.
त्यावर बिलाचे रोल बसतात.
माणसं नाही.

गल्ल्यात तीनशे चाळीस कमी निघाले,
तेव्हा जेवणाच्या सुट्टीत माझ्या जागी
सरांचा भाचा बसला होता.
बसला होता. रोल खाली ठेवून.
कपात झाली ती मात्र सुषमाची नाही.
तिथे त्यांना माझं नाव बरोब्बर आठवलं,
एक वेलांटी न चुकता, मधल्या नावासकट,
ज्याचा पत्ता आता मलाही माहीत नाही.

निघताना पिशवी उलटी करायची.
डबा, छत्री, ईश्वरीची दुरुस्तीला दिलेली कंपासपेटी.
एकदा अर्धी खाल्लेली चिक्की निघाली.
पावती दाखवा, म्हणाले.
वर्गात कुणाचा तरी वाढदिवस होता,
पोरीने माझ्यासाठी अर्धी ठेवलेली.
वाढदिवसाची पावती कुठून आणू?

भांडुपच्या टेकडीवर घर, एकशे बारा पायऱ्या.
ऐंशीव्या पायरीपाशी मी बिल्ला काढते,
पर्समध्ये टाकते.
वर जाते ती पोरांची आई.
असं ठरवलेलं, आणि चाललं होतं.

मंगळवारी माझी सुट्टी.
रेशन घेऊन आले तर घरात दुकान मांडलेलं.
माझी ओढणी अंथरून तिच्यावर
तिखटाची बरणी, खोबरेल, दोन कांदे,
सगळ्यांवर भाव.
ईश्वरी, इयत्ता तिसरी, मालकीण.
आणि वेदू भिंतीशी, दोन्ही हात वर,
बनियनला माझा बिल्ला.
"सुषमा, खिसे दाखव.
सुषमा, बसायचं नाही."
तो खिदळत होता.
त्याला वाटत होतं, खेळ असाच असतो.

मी तर घरी कधी अक्षर काढलं नव्हतं.
मग आठवलं, दिवाळीत ती मला न्यायला आलेली,
बाहेरून काचेला नाक लावून
किती वेळ उभी होती कोण जाणे.

ओरडणार होते. पिशवी ठेवली, गिऱ्हाईक झाले.
अहो मालकीणबाई, पाव किलो तिखट द्या,
आणि तुमच्या माणसाला बसायला काहीतरी द्या,
पाय दुखत असतील त्याचे.
ती विचारात पडली.
"पण मग दुकान कसं चालणार?"
खुर्ची आमच्याकडे नाही.
तिनेच तांदळाचा डबा ओढला.
तो बसला.
दुकान चाललं.

रात्री तिच्याकडे वहीचं एक लेबल मागितलं.
तिने गोल अक्षरात लिहिलं, नाव: हेमांगी.
"इयत्ता कितवी तुझी?"
म्हटलं, दहावी. तेवढीच झाली.
विषयापुढे तिने पेन्सिल चावली
आणि मला न विचारता लिहिलं, गणित.
सुषमावर चिकटवलं.

बुधवारी सरांनी पन्नास रुपये लावले.
रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात लिहिलं,
चुकीचं नाव.
मी सही केली. पूर्ण, सावकाश,
रकान्याच्या बाहेर गेली थोडी.

रात्री गेटवर दुबेजी पिशवी उलटी करत होते.
विचारलं, ही सुषमा कोण होती हो?
ते थांबले. छत्री हातातच.
"मी आलो तेव्हापासून
या बिल्ल्याच्या तुम्ही चौथ्या," म्हणाले.
"तुमच्या आधीची सारखी स्टूल मागायची.
तिचंही नाव सुषमा नव्हतं.
काय होतं ते मात्र
कधी विचारलं नाही."