तुरुगोळ

सातवीत नऊ मुलं.
पुढल्या वर्षी ही शाळा असेल की नाही
हे बेळगावच्या ऑफिसात कुणीतरी
पेन्सिलीनं लिहून ठेवलंय म्हणतात.
मी समाज विज्ञान शिकवते.
पुस्तक कन्नडातून मराठीत आलेलं,
येताना खानापूरच्या घाटात क्रियापदं सांडलेली.
पाठ पाचवा :
आपल्या राजाने शत्रूचा बीमोड केला.

दिवाळीनंतर परशराम गुंजीकर
मामेबहिणीचं पुस्तक घेऊन आला, चंदगडचं.
त्यातही हीच लढाई,
फक्त ‘आपला’ आणि ‘शत्रू’
खो-खोतल्यासारखे
तोंडं फिरवून बसलेले.
(नावं घेत नाही.
दोघांचेही पुतळे आहेत, दोन्हीकडं बंदोबस्त.)
‘बाई, पेपरात कुणाला जिंकवायचं?’
म्हटलं, पेपर कुठल्या राज्याचा ते बघून.
वर्ग हसला. मीही.
रात्री ते हसू घशात राहिलं
भाताच्या कुसळासारखं.

शाळेमागं, हापशीजवळ एक दगड आहे.
सुगीत लोक त्यावर विळे परजतात,
एक बाजू पार आरसा झालीय.
खालच्या पट्टीत गाई.
मधल्या पट्टीत धनुष्यवाले, आणि एक जण आडवा.
वरच्या पट्टीत त्यालाच दोघी हाताला धरून नेतात.
सगळ्यात वर सूर्य. चंद्र विळ्यांनी खाल्लेला.
गाव त्याला म्हसोबा म्हणतं
आणि वर्षातून एकदा नारळ देतं.

सहाव्या तासाला मी नऊही जणांना बाहेर काढलं.
गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका पालथ्या केल्या,
दगडाला लावल्या, वरून चुलीतला कोळसा घासला.
हळूहळू अक्षरं उमटली,
गोल, दाटीनं बसलेली,
नदीच्या पायरीवर बायका बसतात तशी.

कन्नड शिकवणारे हुक्केरी सर आले,
चष्मा कपाळावर सारून वाकले.
‘हे कन्नडच की!’ म्हणाले,
आणि मग बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत.
‘आमचंच हाय बाई,
खरं मला येत न्हाई.’
मी म्हटलं, मोडी मला तरी कुठं येते.
दोघंही आपापल्या भाषेचे पगार घेणारे,
उन्हात उभे.

सरांच्या भाच्याकडं धारवाडला फोटो गेला.
चौथ्या दिवशी उत्तर आलं :
पहिली ओळ राजाची असावी, झिजलीय.
दुसरीत ‘तुरुगोळ’,
म्हणजे गुरं पळवून नेताना झालेली झुंज.
तिसरीत, लढला, स्वर्गाला गेला.
नाव होतं तिथं आता आरसा आहे.

फळ्यावर लिहिलं :
राजा — माहीत नाही.
साल — माहीत नाही.
गाई कुणाच्या, नेल्या कुणी — माहीत नाही.
मुलांनी उतरवून घेतलं
आणि सवयीनं खाली पट्टीनं रेघ मारली.

तेव्हा मागच्या बाकावरून ठकू येडगे उठली.
गवळीवाड्यावरची. धारा काढून, रान तुडवून येते,
पहिल्या तासाला निम्मी झोपलेली असते.
जूनपासून तिनं एकही प्रश्न विचारला नव्हता.

‘बाई, गाई परत आल्या काय हो?’

उत्तर कुठल्या पुस्तकात शोधू?
दोन्ही पुस्तकांत झेंडे आहेत, तहाची कलमं आहेत,
हत्ती आहेत, घोडे आहेत मोजून.
शेण कुठंच नाही.

आम्ही परत दगडाकडं गेलो.
गाई मोजल्या. सहा.
सगळ्यांची तोंडं रानाकडं, गावाकडं पाठी.
ठकू उकिडवी बसली.
शेवटच्या गाईवर बोट ठेवलं,
आमच्यापैकी कुणालाही न दिसलेल्या मानेवर.
‘ही बघा, मान वळवल्या हिनं.
वासरू मागं ऱ्हायलंय हिचं.’

हापशीतून पाणी ठिबकत होतं.
परशरामनं विचारलं,
हे वहीत लिहायचं काय.