पखाल

जानेतपासून दोन दिवस. पठारावर जीप चढत नाही,
म्हणून तीन गाढवं, एक ट्रायपॉड
आणि अखमूक. तो पुढे चालतो
आणि वळून कधीच विचारत नाही, जमतंय ना.

रात्री थंडीनं मरू नयेत म्हणून
बॅटऱ्या मोज्यांत घालून मी कुशीत घेतल्या.
तो हसला. त्याच्या कुशीला
बकरीच्या कातड्याची पखाल तशीच झोपली होती,
पाय बांधलेली, पोट फुगलेली.

सकाळी त्या कपारीशी पोचलो.
माझ्या यादीत लिहिलेलं : गाई बावीस, वासरू एक,
एक बाई, डोक्यावर काहीतरी.
मी टॉर्च तिरपा धरला, सरळ धरला,
डोळे बारीक केले.
कातळ. गेरूचा डाग,
धुतलेल्या ओच्यावर हळदीचा राहतो तेवढा.

"पाणी मारू?" अखमूकनं विचारलं
आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
नको म्हटलं.
तेव्हा कुठे तो खाली बसला.

बाप नऊ वर्षांचा होता, म्हणाला.
टोप्या घातलेली माणसं आली, पेट्या, शिडी, कागदांच्या गुंडाळ्या.
खालच्या डोहातून पाणी आणायचं, खेपेला एक नाणं.
स्पंज बुडवायचा, तापलेलं कपाळ पुसावं
तसा भिंतीवरून फिरवायचा,
की गाई यायच्या.
ओल्या, लाल, शिंगांसकट,
आत्ताच कुणी गोठ्याचा आडणा काढल्यासारख्या.
तेवढ्यात फोटो.
मग भिंत सुकायची, गाई परत आत.
दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी, पुन्हा गाई.
दर खेपेला एखादी यायची नाही.
पोराला वाटायचं, लांब चरायला गेली असेल.

आमच्याकडे आशा सोडण्याला
पाणी सोडणं म्हणतात,
हे मी त्याला सांगितलं नाही.

तो उठला. कातळापासून बोटभर अंतर ठेवून,
कुठेही न टेकता, हवेत हात चालवू लागला :
ही पाठ. हे वशिंड नव्हे, मागची दुसरी.
हिचं एक शिंग पुढे वळलेलं.
बापानं त्याला असंच शिकवलं होतं, हात धरून,
पाढे गिरवून घ्यावेत तसं.
ऊन कपारीत शिरलं होतं, बोटाची सावली
भिंतीवर चालत होती
आणि मी सावलीचे फोटो काढत होते.
एकोणीस झाल्या, मग हात थांबला.
उरलेल्या तिघी बापालाही सापडल्या नव्हत्या.
बाईच्या डोक्यावर काय होतं, विचारलं.
खांदे उडवले त्यानं. पाणी, बहुतेक.

कचेरीत हे फोटो चालणार नाहीत.
नियम आहे, चौकटीत मोजपट्टी असावी, माणूस नसावा.
एकशे बारा आहेत.
सगळ्यांत एक हात आहे,
नखाखाली चहाची पूड अडकलेला.

संध्याकाळी त्यानं पखालीचं तोंड सोडलं.
आधी गाढवांना, मग किटलीत.
तिसरा पेला होईतो अंधारलं.
एका गाढवानं ओलं नाक
भिंतीला पुसलं, तशी अखमूक ओरडला,
दोन दिवसांत पहिल्यांदा.

तिथे काहीच नव्हतं, कोरा दगड.
तरी मी टॉर्च घेऊन गेले
आणि तो ओला ठिपका
वाळेपर्यंत बघत राहिले.