चार रेघांची वही

साडेनऊला दुकान बंद होतं.
शटर ओढताना बोटांत अजून
दिवसभरातल्या चिठ्ठ्या वळवळत असतात.
मिरजेतल्या बहुतेक डॉक्टरांचं अक्षर मला लागतं :
कुणाचा ‘एम’ म्हणजे नुसती थरथर,
कुणाची सही म्हणजे घाईत निघालेली गोगलगाय.
आणि शाळेनं कळवलंय मलाच,
‘पाल्याचं कर्सिव्ह कच्चं आहे. घरी सराव घ्यावा.’

घ्यावा. बरं.
लक्ष्मी मार्केटातून तीन पुस्तकं आणली.
एकात ठिपके, त्यांवरून गिरवायचं.
एकात बाण : कुठून शिरायचं, कुठून निघायचं.
तिसऱ्यात अक्षरंच नाहीत,
पानभर लाटा आणि वेटोळी,
आधी म्हणे हात सुटा होऊ द्या.
भरतेश म्हणाला, रोज दहा पानं काढून घे,
आम्ही तसंच शिकलो.
त्याचं अक्षर लग्नाआधी मी एकदाच पाहिलेलं,
बायोडाट्यावर.
तेही नणंदेचं निघालं.

श्रेणिक डावखुरा.
ठिपक्यांवरून पेन्सिल पुढे जाते
आणि मागून त्याचाच तळवा
लिहिलेलं सगळं पुसत येतो.
करंगळीखालची कड शिशानं काळी.
वहीचा माथा उजवीकडे कलवला, तेव्हा जरा जमलं.
बाणांचं पुस्तक त्यानं स्वतःच मिटलं.

एका रात्री म्हणाला,
आई, आपली अक्षरं वरून लोंबतात ना,
दोरीवर वाळत घातल्यासारखी?
मग ही खालून का हात धरतात?
मी कुकर उतरवायला उठले.
परत आले तर पुढचा प्रश्न तयार :
बी, ओ, व्ही, डब्ल्यू,
ही चौघंच का वरून हात देतात?

त्याच आठवड्यात आरगहून एक बाई आल्या.
चिठ्ठीवर एका गोळीचं नाव,
की तिच्या चुलत बहिणीचं?
फरक एका वेटोळ्याचा.
दवाखान्यात फोन लावला, तीनदा.
बाई बाकावर बसून, पिशवी मांडीवर घेऊन,
माझ्या तोंडाकडे बघत.
मग पाकिटावर नेहमीसारखा सूर्य काढला, चंद्र काढला.
त्यांना वाचता येत नव्हतं,
आणि त्या दिवशी, खरं सांगायचं तर, मलाही.

घरी येऊन तिन्ही पुस्तकं माळ्यावर टाकली.
दुकानातली जुनी खाकी पाकिटं आणली मूठभर.
म्हटलं, रोज एकच.
हळू. पोट सुटलं तरी चालेल, शेपूट वाकली तरी.
पेन्सिल उचलावीशी वाटली तर उचल.

काल त्यानं ‘आफ्टर फूड’ लिहिलं.
‘एफ’ चौथ्या रेघेच्याही खाली गेला असता,
पाकिटावर रेघा नव्हत्या म्हणून निभावलं.
दोन्ही ‘ओ’ वरून हात धरून,
‘डी’ थोडा पुसलेला.

भरतेशनं चष्मा कपाळावर सरकवून वाचलं.
जेवणानंतर काय घ्यायचं पण?
श्रेणिक खोडरबर शोधत होता.
काहीही घ्या, म्हणाला,
वाचता आलं ना?